आगीपुढे धावणारी गाडी

पानिपतच्या कथेतील एक क्षण मराठी माणसाच्या मनात कायमचा रुतून बसला आहे. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसून गर्दीत घुसले. आणि दूरवर लढणाऱ्या सैन्याला अंबारी तेवढी रिकामी दिसली. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दुपारी पराभवाची कारणे अनेक होती, हे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितले आहे. पण परंपरेने जे लक्षात ठेवले, ते रिकाम्या अंबारीचे चित्र. सेनापती कोठे आहे हे ज्या वाहनावरून कळत होते, ते वाहन मोकळे झाले आणि लढाईचा धीर सुटला. भाऊंनी खाली उतरून लढावे की वर बसून लढाई चालवावी, हा वाद आपल्याकडे अडीच शतके चालू आहे.

आज आम्ही जो विषय घेणार आहो तो याच वादाचा एक दूरचा भाऊबंद आहे. अमेरिकेतील अग्निशामक दलात ‘बटालियन चीफ’ नावाचा एक अधिकारी असतो. त्याला द्यायची गाडी कोणती असावी, हा तो विषय. ऐकणाऱ्याला हसू येईल. नगरपालिकेच्या खरेदी समितीपुढे यायचा हा विषय, त्यात इतिहास तो काय? आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण थोडे खोलात गेल्यावर दिसते की, या गाडीच्या मागे माणसांच्या मरणाची एक मोठी नोंदवही आहे, आणि गाडीचा प्रत्येक बदल त्या वहीतील एखाद्या पानाला उत्तर म्हणून झालेला आहे.

प्रथम हा अधिकारी कोण ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये १८६५ पर्यंत आगी विझवण्याचे काम हौशी स्वयंसेवकांच्या मंडळ्या करीत. त्या शूर होत्या, पण भांडकुदळही होत्या. त्या वर्षी पगारी दल उभे राहिले आणि १८६७ मध्ये यादवी युद्धात लढलेले जनरल अलेक्झांडर शेलर हे त्या दलाच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांनी लष्करी शिस्त आणली, लष्करी हुद्दे आणले, आणि शहराचे टापू पाडून काही बंबखान्यांवर एक प्रमुख, अशी रचना रुजली. हाच बटालियन चीफ. तो स्वतः नळी धरीत नाही, शिडी चढत नाही. आगीच्या जागी पोहोचून कोणती तुकडी कोठे जाईल, आणखी किती बंब मागवायचे, आणि मुख्य म्हणजे आत गेलेल्यांना केव्हा बाहेर बोलवायचे, हे ठरवणारा तो पहिला माणूस. मोठा प्रमुख मागाहून येतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचे राज्य याचे.

त्या काळी त्याचे आयुध म्हणजे पितळी कर्णा. आगीच्या धडधडाटात आवाज पोहोचावा म्हणून तो कर्ण्यातून ओरडे. अनेक अमेरिकन शहरांत अग्निशामक अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर अजून कर्णे कोरलेले असतात आणि हुद्दा वाढला की कर्ण्यांची संख्या वाढते. कर्णा गेला, बिल्ल्यावरचा राहिला. आपल्याकडेही तलवारी गेल्यावर मानाच्या तलवारी राहिल्याच की.

बॉस्टन शहरात १८५२ मध्ये तारायंत्राची आगसूचक पेटी प्रथम बसली. रस्त्यावरची पेटी कोणी ओढली की बंबखान्यात घंटेचे ठोके पडत आणि ठोके मोजून कोणता नाका ते कळे. यामुळे बंब झपाट्याने निघू लागले. बंबाला दोन-तीन धिप्पाड घोडे. घोड्यांचा साज छताला टांगलेला. घंटा झाली की घोडे आपण होऊन जागेवर येऊन उभे राहात आणि साज खाली सोडून क्षणात जुंपला जाई. मग प्रमुखाने पायी धावून कसे चालेल? त्याला हलकी एकघोडी बग्गी मिळाली. तीत तो, त्याचा हाकणारा आणि पायाशी घंटा. बंबाला अवजड यंत्र ओढायचे असे, बग्गीला नाही. म्हणून ती पुढे पोहोचे. इतिहासातील पहिली ‘चीफची गाडी’ ती हीच. आजही शिकागोसारख्या शहरात चीफच्या मोटारीला जुने लोक बग्गीच म्हणतात.

घोडा हा किती नाजूक आधार होता हे बॉस्टननेच १८७२ मध्ये पाहिले. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेत घोड्यांची साथ पसरली होती आणि दलाचे घोडे आजारी पडले होते. प्रमुख जॉन डॅमरेल यांनी जादा माणसे नेमून बंब हातांनी ओढण्याची व्यवस्था केली. ९ नोव्हेंबरच्या रात्री आग लागली आणि तीत ७७६ इमारती गेल्या. लोकांनी खापर घोड्यांवर फोडले. पुढे चौकशी झाली तेव्हा दिसले की माणसांनी ओढलेल्या बंबांना झालेला उशीर थोड्या मिनिटांचाच होता. अरुंद रस्ते, लाकडी छपरे, अपुरे पाणी ही कारणे अधिक मोठी होती. वाहनाचा दोष आणि व्यवस्थेचा दोष यांत गल्लत करणे फार सोपे असते. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढेही ती उपयोगी पडणार आहे.

सेनापती पडला तर काय, याचे दोन धडे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाले. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बॉल्टिमोरच्या भर वस्तीत आग लागली. प्रमुख जॉर्ज हॉर्टन यांना पहिल्या काही तासांतच विजेच्या तारेने जखमी केले आणि सूत्रे ऑगस्ट एम्रिक या टापूप्रमुखाकडे आली. शेजारच्या शहरांतून मदतीला बंब आले, पण त्यांच्या नळ्यांची तोंडे बॉल्टिमोरच्या पाणतोट्यांना बसेनात! पंधराशेंहून अधिक इमारती जळाल्या. दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला. तेथील प्रमुख डेनिस सलिव्हन हे बुश स्ट्रीटवरील बंबखान्यात झोपलेले असताना शेजारच्या कॅलिफोर्निया हॉटेलचा वरचा भाग छपर फोडून आत कोसळला. ते जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी वारले. शहराला वेगळ्या जादा पाणीपुरवठ्याची गरज आहे, हे त्या शहराला वर्षानुवर्षे सांगणारा माणूस नेमका त्या दिवशी अंथरुणाला खिळला होता. ती पाण्याची योजना पुढे झाली. सलिव्हन यांनी ती पाहिली नाही.

आता मोटारीकडे वळू. न्यूयॉर्कचे एडवर्ड क्रोकर हे १८९९ ते १९११ या काळात दलाचे मुख्य प्रमुख होते. मनुष्य करारी, धाडसी आणि नव्याची आवड असणारा. १९०१ च्या सुमारास त्यांनी लोकोमोबील कंपनीची वाफेची मोटार वापरायला सुरुवात केली आणि न्यूयॉर्कच्या दलात पहिले स्वयंचलित वाहन आले ते बंब म्हणून नव्हे, तर प्रमुखाची गाडी म्हणून. ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. बंबाला मोटारीचे इंजिन लावण्याचे धाडस करायला पुष्कळ वर्षे लागली. पण हलकी गाडी, एकच माणूस न्यायचा, बिघडली तर नुकसान थोडे, म्हणून प्रयोग प्रथम प्रमुखाच्या गाडीवर झाला. त्या लोकोमोबीलची बैठक म्हणजे जवळजवळ बग्गीच होती. बसण्याच्या जागेखाली बाष्पपात्र, त्याखाली गॅसोलीनची ज्योत. वीसेक मैलांत पाणी संपे. शिवाय वाफ तयार होईपर्यंत गाडी हलत नसे. म्हणजे आगीला जाण्यासाठी गाडीखालचीच आग सदैव तेवत ठेवावी लागे. याचा विनोद त्या काळच्या लोकांनी केला असेल की नाही कोण जाणे, आम्हाला मात्र तो केल्यावाचून राहवत नाही.

याच क्रोकर यांच्या अखेरच्या काळात, २५ मार्च १९११ रोजी, ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्यात १४६ जीव गेले. बंब लवकर आले, पण कारखाना होता आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर, आणि शिड्या पोहोचत सहाव्यापर्यंत. क्रोकर यांनी त्या वर्षी नोकरी सोडली आणि पुढचे आयुष्य आगी लागूच नयेत या कामाला दिले. जलद पोहोचण्याची हौस असलेल्या माणसाने पोहोचण्याची मर्यादा इतक्या जवळून पाहिली. २० डिसेंबर १९२२ रोजी ब्रुकलिनमध्ये घोड्यांच्या बंबाची शेवटची दौड झाली आणि न्यूयॉर्कचे दल पुरते मोटारीचे झाले.

येथून पुढे बरीच वर्षे चीफची गाडी म्हणजे तांबडी रंगवलेली, घंटा किंवा भोंगा लावलेली साधी मोटार. तिचे काम एकच, साहेबाला नाक्यापर्यंत पोहोचवणे. तो उतरला की गाडीचे काम संपले. या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

बदल झाला तो बिनतारी यंत्राने. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही बाजूंनी बोलता येणारे रेडिओ शहरोशहरी मोटारींत बसले, आणि गाडी नुसते वाहन न राहता कान आणि तोंड झाली. पुढे जवानांच्या हातातही छोटे रेडिओ आले. पण हातातला रेडिओ साधारण पाच वॅटचा, गाडीतला त्याच्या कित्येक पट ताकदीचा. शिवाय गाडीच्या छपरावर चांगली तार. पंपांची घरघर, भोंगे, ओरडणारी माणसे यांत उभा असलेला प्रमुख हातातल्या यंत्राला कान लावतो तेव्हा त्याला आतून आलेली क्षीण हाक ऐकू येईलच असे नाही. १ जुलै १९८८ रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक गावी मोटारविक्रीच्या एका इमारतीला आग लागली. कमानदार लाकडी कैच्यांचे छप्पर होते. माघारीचा हुकूम रेडिओवरून सुटला, पण आतल्यांपर्यंत पोहोचला नाही आणि छप्पर कोसळले. अडकलेल्यांच्या मदतीच्या हाकाही वेळेवर ऐकल्या गेल्या नाहीत. पाच जण गेले.

अशा प्रसंगांवर सर्वांत जास्त विचार केला तो ॲरिझोनातील फीनिक्स शहराच्या ॲलन ब्रुनासिनी यांनी. १९५८ मध्ये साधे जवान म्हणून लागलेले हे गृहस्थ १९७८ ते २००६ इतकी वर्षे त्या शहराचे अग्निशामक प्रमुख होते. ‘फायर कमांड’ हे त्यांचे पुस्तक १९८५ चे. त्यांचा आग्रह ऐकायला विचित्र वाटतो: प्रमुखाने आगीपुढे उभे राहू नये, गाडीत जाऊन बसावे, दार लावून घ्यावे. गाडीत शांतता आहे, उजेड आहे, लिहायला मांडी-फळी आहे, ताकदीचा रेडिओ आहे. पाऊस, थंडी, धूर, पत्रकार आणि हौशी सल्लागार काचेबाहेर राहतात. बाहेर उभा असलेला प्रमुख नकळत नळी ओढू लागतो, शिडीला हात लावतो, आणि मग आत किती माणसे आहेत याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. म्हणून गाडी अशी निवडावी की ती हेच आज्ञास्थान होईल, आणि ती अशा कोपऱ्यावर उभी करावी की इमारतीच्या दोन बाजू दिसतील. शिवाय शिडीगाडीची वाट अडणार नाही. आज्ञास्थान ओळखू यावे म्हणून अनेक ठिकाणी अशा गाडीवर हिरवा दिवा लावतात. अंबारी रिकामी नाही, हे दुरून दिसावे, म्हणून.

पूर्वेकडील जुन्या शहरांना हे पटले नाही, आणि त्यांचे म्हणणेही हलके नव्हे. धुराचा रंग, त्याचा वेग, भिंतीची फुगवट, आतून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा, हे काचेतून कसे कळणार? मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे ३ डिसेंबर १९९९ रोजी खिडक्या नसलेल्या जुन्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसे असतील म्हणून दोघे जवान शोधायला गेले आणि वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत. टापूप्रमुख मायकेल मॅक्नेमी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आणखी जवान आत जाऊ पाहत होते, हट्ट करीत होते. त्यांनी दारात आडवे उभे राहून सर्वांना अडवले: आता आणखी कोणी नाही. हा हुकूम गाडीत बसून माइकवरून देता आला असता काय? दिला असता तरी तो पाळला गेला असता काय? आम्हाला वाटते, नाही. त्या रात्री दारात एक देह उभा असणे आवश्यक होते.

उलट बाजूचा दाखलाही तितकाच बोलका आहे. १८ जून २००७ रोजी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे फर्निचरच्या एका दुकानात नऊ जवान गेले. नंतरच्या चौकशीत, ठरीव आज्ञास्थान नव्हते आणि आतील माणसांचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते, यावर बोट ठेवले गेले. अधिकारी आगीच्या जवळ होते, शूरही होते. जवळ असणे पुरले नाही.

याच संदर्भात आपल्या मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. दुपारी आग दिसली तेव्हापासून चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट होईपर्यंत जहाजाचे कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे अधिकारी आणि अग्निशामक दल यांची मते जुळली नाहीत. जहाज बुडवावे, बाहेर न्यावे की पाणी मारीत राहावे, हे ठरवणारे एक तोंड नव्हते. दल जहाजाला चिकटून पाणी मारीत राहिले. ६६ जवान गेले. तो दिवस देशभर अग्निशामक सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. येथे कोणतीही गाडी काही करू शकली नसती, हे मान्य करावे लागते. हुकूम देण्याची जागा असून भागत नाही. हुकूम कोणाचा, हे आधी ठरलेले असावे लागते. बॉस्टनच्या घोड्यांची गोष्ट आम्ही सांगितली ती यासाठीच.

मग गाडीत बसावे की बाहेर उभे राहावे? न्यूयॉर्कच्या एका बटालियन चीफच्या कामावरून दिसते की प्रश्नच थोडा चुकीचा मांडला गेला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी जोसेफ फायफर हे चर्च आणि लिस्पेनार्ड रस्त्यांच्या नाक्यावर वायुगळतीची साधी तक्रार तपासत होते. डोक्यावरून विमान गेले आणि उत्तर मनोऱ्यावर आदळले. ते तत्काळ गाडीत बसले आणि वाटेतच रेडिओवरून जादा बंब मागवले, विमान नेम धरून आल्यासारखे दिसले हे कळवले, आणि पुढे येणाऱ्या तुकड्यांनी व्हेसी आणि वेस्ट रस्त्यांच्या नाक्यावर जमावे असा हुकूम दिला. जागेवर पोहोचण्याआधी लढाईची मांडणी सुरू झाली होती, आणि ती गाडीतून झाली. पोहोचल्यावर ते गाडी सोडून मनोऱ्याच्या तळमजल्यावर उभे राहिले, कारण उंच इमारतीत जिने आणि उद्वाहने तेथूनच कळतात. त्या दिवशी वेस्ट रस्त्यापलीकडील मुख्य आज्ञास्थानात कोणती तुकडी कोठे गेली हे चुंबकाच्या ठोकळ्यांनी एका फलकावर मांडले जात होते. दक्षिण मनोरा कोसळला तेव्हा तो फलकही गेला. त्याची दुसरी प्रत नव्हती. दलाचे ३४३ जण गेले. इलेक्ट्रॉनिक फलकाचा, दूर दुसरीकडे प्रत उमटवणाऱ्या यंत्रणेचा ध्यास न्यूयॉर्कने त्यानंतर घेतला.

आता खरेदी समितीच्या टेबलाशी येऊ. जुनी पद्धत म्हणजे पोलिसांसाठी बनणारी मोठी सेडान. फोर्डची क्राऊन व्हिक्टोरिया अनेक दलांनी वर्षानुवर्षे घेतली. २०११ मध्ये तिचे उत्पादनच थांबले आणि नव्याने विचार करणे भाग पडले. दुसरा पर्याय शेवरोलेची सबर्बन: ट्रकच्या सांगाड्यावर बंद पेटीसारखी गाडी, १९३५ पासून बनत आलेली. हिच्या मागच्या दारात कपाट करून नकाशे, फलक, रेडिओ मांडता येतात. पण मागचे दार वर उघडून तेथे उभे राहिले की पुन्हा पाऊस आणि कोलाहल आलाच. म्हणून फीनिक्सच्या मताचे लोक पुढच्या बैठकीचाच आग्रह धरतात. तिसरा पर्याय मालट्रकासारखी मागे उघडा हौदा असलेली पिकअप, त्यावर झाकण. ही निवड अलीकडे वाढली, आणि तिचे कारण ऐकून आम्ही क्षणभर थांबलो. आगीतून आलेल्या कपड्यांवर, मुखवट्यांवर जे काजळ बसते ते विषारी असते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. सबर्बनमध्ये ते कपडे आणि बसणारी माणसे एकाच हवेत असतात. पिकअपमध्ये कपडे मागे, माणसे पुढे, मध्ये पत्रा. पूर्वी अशा कपड्यांची काजळी म्हणजे शौर्याची खूण समजली जाई.

राहिला हाकणारा. बग्गीच्या काळापासून चीफच्या शेजारी एक माणूस असे. त्याला मदतनीस म्हणत, पण आम्हाला त्याला सारथी म्हणणे योग्य वाटते. तो गाडी हाकी, नकाशा पाही, रेडिओ ऐके, फलकावर नावे मांडी, आणि प्रमुख ज्या बाजूला पाहू शकत नाही त्या इमारतीच्या मागील अंगाला फेरी मारून येई. काटकसरीच्या वर्षांत अनेक शहरांनी प्रथम कात्री लावली ती याच जागेवर, कारण कागदावर तो ‘साहेबाचा ड्रायव्हर’ दिसतो. न्यूयॉर्कने तो ठेवला. जेथे तो गेला तेथे प्रमुख एका हाताने चाक धरतो, दुसऱ्या हाताने माइक, डोळे रस्त्यावर, कान दोन रेडिओंवर, आणि पहिल्या तुकडीचा निरोप येतो तेव्हा तो लिहून घ्यायला हात उरलेला नसतो. अशा गाडीत शेजारची बैठक मोकळी असते. तीवर तो आपले शिरस्त्राण ठेवतो.